छातीवाले आणि पोटवाले

११ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर तिरकं आलंय, कारण मीच तिरकी पडलेय. उजव्या कुशीत, दोन बरगड्यांच्या मधून पुन्हा ती नळी घातली आहे आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे काढतंय. हुबेहूब गेल्या वर्षीसारखं. उजव्या फुप्फुसाभोवती हवा शिरली आणि फुप्फुस आकसून बसलं. दादाला फोनवर जरा खोकला आहे एवढंच सांगितलं. आपला फोन बैठकीच्या खोलीत आणि आईची खुर्ची त्याला लागून, तेव्हा खरं काय ते तुला कागदावर.

आधी दोन दिवस उजवा खांदा ठणकत होता. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मधेच बसले, ते मला उठवेचना. त्यात नेमकी पाळीही आलेली, आणि माझी पाळी कशी असते ते तुला ठाऊक आहे. सगळं एकदमच अंगावर येतं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता. म्हटलं, प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू आणि नळ्या बनवते. ज्योतीवर काच मऊ करायची आणि तोंडाने फुंकून आकार द्यायचा. एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली किल्ली सापडली. विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, बघा, कारण मिळालं. मी सांगू पाहिलं की आम्ही फुगे फुगवत नाही. डोळ्यात कचरा गेलेल्या मुलाला घालतो तेवढीच फुंकर लागते, जास्त जोर केला तर काच फाटते. पण तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते. माझ्या कागदावर लिहून ठेवलंय, आजार कामामुळे.

सध्या माझ्या टेबलावर नळीच्या आत वळणावळणाची नळी असलेला, वाफ थंड करायचा एक शीतक अर्धा पडलाय. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी नळीसकट उठून जाईन.

आईला सांगू नकोस. छकुलीला पापा. लोभ कमी करू नकोस, वजन आधीच कमी झालंय.

तुझी,
नणंद


२५ जानेवारी

चि. फुंकणीबाई हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका तपासायच्या आणि घरी येऊन तुझ्या. 'फुप्फुस' बरोबर लिहिलंस, याचं मला खरोखर कौतुक वाटलं. 'ठाऊक'सुद्धा, एरवी दर पत्रात ते वेगळंच असतं.

आता खरी बोलणी खा. आठ दिवस छातीत नळी घालून पडतेस आणि आम्हाला खोकला सांगतेस? तुझ्या दादाला मी सगळं सांगितलं. दिवसभर लोकांचे पंप उघडून बसणारा माणूस, त्याने एवढंच विचारलं, की हवा शिरली हे कळलं, पण शिरली कुठून? मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारायला हवं. तो म्हणाला, त्यांनी स्वतःला विचारलंय का?

आईंना कळलंच. त्यांचं ठाम मत आहे की बाईमाणसाने आगीसमोर बसून फुंकायचं काम करायचंच नसतं, आणि ते सोडलंस की सगळं मार्गी लागेल, लग्नासकट. वाद घालायला माझ्या अंगात जोर नव्हता. छकुलीच्या वेळी पोट कापलं त्या व्रणाच्या डाव्या टोकाला माझी ती गाठ आहे ना, ती परत उठली आहे. महिन्यातले चार दिवस अशी दुखते की पोरीला कडेवर घेता येत नाही. पुढे आपली गप्प बसते. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, टाक्याचा दोरा आत राहिला असेल, विरघळेल. चार वर्षं झाली. कसल्या दोऱ्याने शिवलं होतं देव जाणे, त्या दोऱ्याचे तंबू करायला हवेत.

माझं असू दे. तू नीट खा. जिने चढू नकोस. आणि खोटं बोलायचंच असेल तर निदान शुद्ध लिही.

माया आहे म्हणून ओरडते, हे धरून चाल.

तुझी,
वहिनी


९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मला कुणाचं तरी डोकं फोडायचंय. जवळ कुणी नाही म्हणून तुला लिहितेय.

इस्पितळाने चिठ्ठी दिली होती की फुंकण्याचं काम बंद. कारखान्यातल्या उस्तादांनी ती दोनदा वाचली आणि मला बांधणीच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून मी फक्त दुसऱ्यांनी केलेले चंबू भुशात ठेवते आणि खोक्यांवर 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवते. माझ्या ज्योतीवर आता एक नवा बसतो. त्याने माझा शीतक पूर्ण केला, आणि आतल्या नळीला पोक आलंय. रोज समोरून जाताना दिसतं.

ठीक आहे, फुप्फुस वाचेल म्हणून तेही केलं. आणि परवा, एकही फुंकर न मारता, खोक्याला दोरी बांधता बांधता खांद्यातून कळ आली आणि श्वास अर्ध्यावर अडला. रिक्षा करून इस्पितळात गेले. छातीच्या फोटोत थोडीशी हवा दिसली. या वेळी नळी नको, आपोआप जिरेल म्हणाले. मी विचारलं, काम तर सोडलंय, मग हे कशाने? डॉक्टर म्हणाले, आधीच्या कामाचा परिणाम राहतो. पुढे म्हणाले, तुम्ही फार विचार करता, झोपेची गोळी देऊ का? म्हणजे फुंकलं तरी माझं चुकलं, नाही फुंकलं तरी माझंच.

घरी आले, तर पाळीने पोट पिळवटत होतं आणि खोलीची मालकीण दाराबाहेरून विचारत होती की पाण्याचा नळ कुणी चालू ठेवला. मी उशीत तोंड खुपसून ओरडले. मोठ्याने ओरडायलाही हवा पुरली नाही.

तुझ्या गाठीचं काय? दोरा म्हणे दोरा. दुसऱ्या कुणाला दाखव, माझी शपथ आहे.

रागातलं पत्र आहे, लोभात धरून घे.

तुझी,
नणंद


१४ एप्रिल

चि. फुंकणीबाई हिस,
अ. उ. आ.

आज शुद्धलेखन नाही, थट्टा नाही. बसून वाच.

तू शपथ घातलीस म्हणून मी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गाठीला हात लावायच्या आधी विचारलं, पाळीच्या दिवसांत दुखते का? मी म्हटलं, हो, तेव्हाच तर. वहीत काहीतरी लिहिताना त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, आधी कुणी हे विचारलं नाही? मी म्हटलं, नाही. चार वर्षांत तीन डॉक्टर झाले, एकानेही नाही.

त्यांनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं, तेच दर महिन्याला गळून जातं. कधी कधी तसल्याच पेशी भलत्याच ठिकाणी जाऊन रुजतात. माझं पोट कापलं तेव्हा चार पेशी व्रणात राहिल्या असणार. त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही की आपण घर सोडून आलोय. महिना भरला की त्याही सुजतात, रक्त सोडतात. पण ते जाणार कुठे? म्हणून गाठ, म्हणून कळ. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. मी घरी येऊन ते तीनदा लिहून पाहिलं, तेव्हा बरोबर आलं.

मी विचारलं, भलत्याच म्हणजे किती भलत्या ठिकाणी? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा ओटीपोटातच. पण बेंबीत, आतड्यावर, पायाच्या शिरेवर, क्वचित फुप्फुसापर्यंतही.

माझ्या हातातली पर्स खाली पडली. तुझं सांगितलं. उजवी बाजू, खांदा, हवा. त्यांनी लगेच विचारलं, पाळीच्या सुमारास का? मी काय सांगणार? तुझ्या पत्रांत दोनदा तसं होतं, एवढंच आठवलं. आता तू आठव. पहिल्या वेळी, गेल्या वर्षी, काय होतं? आईंच्या कानाची काळजी न करता फोन कर. एक शब्द पुरे, हो किंवा नाही.

जीव टांगणीला लागलाय. लवकर उतरव.

तुझी,
वहिनी


६ मे

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हो म्हणून ठेवून दिला, कारण पुढे बोलले असते तर रडले असते आणि आईने विचारलं असतं, कशाला हो.

तिन्ही वेळा, वहिनी. तिन्ही वेळा पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. आणि ज्या महिन्यांत हवा शिरली नाही त्या महिन्यांतही खांदा दुखायचा. मला वाटायचं बाकावर वाकून बसते म्हणून. मला हे दिसलं कसं नाही? पण दिसणार तरी कसं? पाळी पोटात आणि श्वास छातीत, असंच तर लहानपणापासून धरून चालले.

तर ऐक आता छातीवाल्यांची आणि पोटवाल्यांची गोष्ट. मी तयारी करून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. विद्यार्थी आजूबाजूला होतेच. डॉक्टर म्हणाले, अहो बाई, पाळी खाली येते, फुप्फुस वर असतं, मधे बरंच अंतर आहे. पोरं हसली. तरी मी हटले नाही, तेव्हा म्हणाले, शंका असेल तर पोटवाल्यांना विचारा. माझ्या हट्टापायी छातीचा मोठा फोटो काढला, तो पाळी संपून पंधरवडा झाल्यावर. त्याआधीची तारीखच मिळाली नाही. फोटो स्वच्छ आला. घरात चोर नसताना पोलीस पाठवायचे आणि चोर नाही म्हणून लिहून न्यायचं.

पोटवाले डॉक्टर दोन मजले खाली बसतात. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, गर्भाशय उत्तम आहे, लग्न करा, एक मूल झालं की दुखणं जाईल. मी विचारलं, फुप्फुसाचंही? ते म्हणाले, तो माझा विभाग नाही, वर जा. मी वर गेले. वरच्यांनी परत खाली धाडलं. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या मधल्या वळणावर मी बसले, वहिनी, आणि मला वाटलं, माझा आजार बरोब्बर इथे आहे, दोन मजल्यांच्या मधे, आणि इथे कुणाची खोलीच नाही.

थकलेय गं. लोभ राहू दे, सल्ला असेल तर तोही दे.

तुझी,
नणंद


१९ मे

चि. फुंकणीबाई हिस,
अ. उ. आ.

माझी गाठ गेल्या आठवड्यात काढली. बोराएवढी वाटत होती, आत चांगलीच पसरलेली निघाली. तपासणीत तेच आलं. टाके अजून ओढतात, प्रवासाला बंदी आहे, नाहीतर मी कालच निघाले असते आणि त्या हसणाऱ्या पोरांना ओळीने उभं केलं असतं.

डॉक्टरीणबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. जिन्याच्या जागी त्या हसल्या नाहीत. त्यांच्याबरोबर शिकलेल्या एक बाई तुझ्याच शहरात छातीच्या शस्त्रक्रिया करतात, दुर्बिणीने. नाव-पत्ता सोबतच्या कागदावर आहे. बाईंनी बजावून सांगितलंय की आधी त्यांना भेटून ठेव आणि पाळी आल्याबरोबर, खांदा दुखो न दुखो, फोटोला जा. चोर घरात असताना.

तुझ्याकडे तुझा दादा येतोय. त्याला जेवताना मी सगळं समजावलं, चित्रासकट. आई म्हणाल्या, या गोष्टी पुरुषांसमोर बोलायच्या नसतात, आणि पान सोडून उठल्या. तुझ्या दादाने मान वर न करता सांगितलं, की बहिणीच्या छातीत भोक पडतंय ते कशाने, हे मला कळायला नको का. मग दोन दिवस घरात भांडीच तेवढी बोलत होती.

तो फार बोलणार नाही, पण बसून राहील. त्याचा उपयोग करून घे.

मी मनाने तिथेच आहे, खाटेच्या उजव्या बाजूला.

तुझी,
वहिनी


२४ जून

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादाने घरी येऊन काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. झालं, बरी आहे. म्हणून बाकीचं मी सांगते.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी फोटोत हवा सापडली, आणि त्या बाईंनी त्याच आठवड्यात दुर्बीण घातली. छाती आणि पोट यांच्या मधे एक स्नायूचा पडदा असतो. माझ्या उजव्या पडद्यावर तपकिरी डाग होते, आणि शेजारी बारीक बारीक भोकं. चाळणीसारखी. डागाच्या पेशी पडदा कुरतडत होत्या आणि पाळीच्या दिवसांत गर्भाशयाच्या वाटेने पोटात शिरलेली हवा त्या भोकांतून वर छातीत चढत होती. खांदा का दुखायचा तेही कळलं. त्या पडद्याची आणि खांद्याची शीर एकच, त्यामुळे दुखतं एकीकडे आणि आपण चोळतो दुसरीकडे.

दादाने बाईंना विचारलं, भोकं बघता येतील का. त्यांनी टीव्हीवर चित्रफीत लावली. माझा भाऊ, जो दुकानात माझ्या पाळीच्या वस्तूंच्या रांगेकडे पाठ करून उभा राहतो, तो टीव्हीला नाक लावून बसला आणि म्हणाला, हवा कुठून येत होती ते आता कळलं. बाईंनी डाग कापून काढले, भोकं शिवली, वर जाळी बसवली, आणि फुप्फुस पुन्हा आकसू नये म्हणून छातीच्या भिंतीला चिकटवून टाकलं. शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, कुणीतरी घोड्यासकट अंगावरून गेलंय.

सगळे म्हणतात, सुटलीस, आनंद मान. मला आनंद होत नाही, वहिनी, मला संताप येतो. आता पाळी थांबवायची औषधं चालू आहेत. अंगातून मधेच आगीचे लोट उठतात, गुडघे म्हातारीचे झालेत, आणि बाई खरं बोलणाऱ्या असल्यामुळे त्यांनी सांगितलं की हे पुन्हा उगवणारच नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. मुळापासून गेलं असं नाही, ताब्यात ठेवायचं. ठीक आहे, पण हे पहिल्याच वेळी ताब्यात घेता आलं नसतं? एका प्रश्नाचं तर काम होतं.

उस्तादांना बाईंनी स्वतः चिठ्ठी लिहिली, की कामाचा काही संबंध नाही, तीन महिन्यांनी फुंकू दे. नव्याला माझी ज्योत सोडवत नाहीये. बघू.

तुझे टाके सांभाळ. लोभात अंतर नको, मधे जाळी तर मुळीच नको.

तुझी,
नणंद


८ जुलै

चि. फुंकणीबाई हिस,
अ. उ. आ.

घाईत चार ओळी. ज्या आई पान सोडून उठल्या होत्या, त्या आता जिन्यात भेटेल त्या प्रत्येकीला थांबवून तुझा आजार समजावतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तुझं गर्भाशय फुप्फुसात चढलं होतं आणि तुझ्या दादाने ते पंपाने खाली आणलं. मी दोनदा दुरुस्ती केली. लेखिका ऐकत नाही.

माझी गाठ गेल्यावर पहिला महिना दुखल्यावाचून गेला. छकुलीला कडेवर घेऊन मी उगाचच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ती म्हणाली, आई, मला चालता येतं.

संताप ठेव. पण जेवत जा.

कायम तुझी बाजू घेणारी,
वहिनी


३ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारपासून ज्योतीवर बसले. नव्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, मला माझं परत मिळालं. पहिला चंबू वाकडा झाला, दुसरा बरा. उस्ताद मागे उभे राहून माझे श्वास मोजत होते. मी म्हटलं, काचेकडे बघा.

पण लिहायचं कारण वेगळंच. काल मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन छातीवाल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. शस्त्रक्रियेचा अहवाल समोर ठेवला आणि म्हटलं, माझ्या कागदावर जे लिहिलंय ते खोडा. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, हो, हो, आम्हाला तशी शंका होतीच. वहिनी, मी घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. माझ्या तोंडून फक्त निघालं, की मग मला का नव्हती सांगितली? ते म्हणाले, जुना कागद बदलता येत नाही, नवा जोडता येईल. मी समोर उभी राहून जोडून घेतला.

बाहेर आले तर बाकांवर नेहमीची गर्दी. एक पोरगी उजवा खांदा चोळत बसली होती. मला राहवलं नाही. मी सरळ तिच्यासमोर जाऊन विचारलं, हे तुला पाळीत होतं का? पुरुषांनी वर्तमानपत्रं वर केली. पोरगी लाल झाली आणि म्हणाली, नाही हो, मला दमा आहे, खांदा पिशवीने दुखतोय. कुणीतरी फिसकन हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी जिना उतरायला लागले, तर मागून पावलं आली. एक बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती आजारी नव्हतीच. नवऱ्याच्या खोकल्यासाठी त्याच्याबरोबर आली होती. तो आत गेला तेवढ्या वेळात ती धावत आली होती. त्याच मधल्या वळणावर तिने मला थांबवलं, वरखाली पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, की बेंबीतून येऊ शकतं का. मला आधी कळेना. मग तिने सांगितलं, लग्नाच्या आधीपासून दर महिन्याला तिच्या बेंबीतून रक्त येतं. ती कापूस लावते. नवऱ्याला नखं लागली असं सांगते. तिला वाटायचं आपल्यात काहीतरी अभद्र आहे, म्हणून कधी कुणाला दाखवलं नाही.

मी म्हटलं, येऊ शकतं. माझ्या छातीत होतं, माझ्या वहिनीच्या व्रणात होतं. याला नाव आहे.

तिने मला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. मग तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून इतकी रडली, की वरून तिचा नवरा शोधत आला आणि त्याला वाटलं मीच तिला काही बोलले.

गुरुवारी मी तिला माझ्या दुर्बिणीवाल्या बाईंकडे घेऊन जातेय, पुढे कुणाला दाखवायचं ते त्या सांगतील. एकटी जायला ती घाबरते. नवऱ्याला कारण अजून सांगितलेलं नाही, ते तिचं ती ठरवेल. उस्तादांकडे पुन्हा सुट्टी मागितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, आता तुला काय झालं? मी म्हटलं, मला काही नाही झालं, दुसऱ्या एका बाईला झालंय, आणि तिला कुणीतरी सोबत हवंय.

लोभ असू दे, तुझा आणि सगळ्यांचा.

तुझी,
नणंद